आरमारी तम्मण्णा

शहापुरातल्या विणकर गल्लीत तम्मण्णाइतका भित्रा गडी दुसरा नव्हता. ही काही कुणी केलेली निंदा नव्हे. त्याची बायको बायाक्का हे भर पाणवठ्यावर सांगायची, आणि तम्मण्णा शेजारून जात असला तर खाली मान घालून ‘व्हय, व्हय’ म्हणून पुढे सरकायचा. तो कुत्र्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा, कुलकर्ण्याला तर लांबून दिसला तरी भ्यायचा. बेळगावच्या लष्करी कॅम्पातला घोडा समोरून आला की हा पठ्ठ्या आधी गटारात उतरून उभा राही आणि मग घोडा कुठल्या बाजूनं चाललाय ते बघे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसा तो राक्षस याच्या घरीच मुक्कामाला होता.

आणि अशा माणसाला हौस कशाची असावी? आरमाराच्या कपड्यांची! जन्मात ज्यानं दर्या बघितला नाही, गुडघ्यावर पाणी आलं की जो ओढ्याच्या अलीकडेच बसून राहायचा, तो खलाशांचे सदरे, विजारी आणि टोप्या जमवत होता. गल्लीनं त्याचं नावच पाडलं होतं, आरमारी तम्मण्णा.

हे वेड लागलं पहिलं जर्मन युद्ध संपलं त्या सुमारास. वेंगुर्ल्याकडून मिठाच्या गाड्या घाट चढून बेळगावात यायच्या. तसल्या एका गाडीवानानं उन्हाला म्हणून डोक्यावर एक गोल टोपी घातली होती, पुढं चोच नसलेली, वर तव्यासारखी सपाट, कपाळाभोवती काळी फीत आणि फितीवर सोनेरी इंग्रजी अक्षरं. तम्मण्णाला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण ती अक्षरं रंगानं काढलेली नाहीत, फितीतच विणलेली आहेत, हे त्याला गाडी चालती असतानाच दिसलं. माग चालवणाऱ्याचे डोळे ते! एवढ्याशा पट्टीत सोन्याची तार घालून अक्षर कसं उठवलं असेल, या विचारानं तो गाडीमागं पार बाजारापर्यंत चालत गेला. घरी आला तेव्हा खांद्यावरचं नवंकोरं उपरणं गाडीवानाच्या खांद्यावर गेलं होतं आणि ती टोपी याच्या काखेत होती. बायाक्कानं त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण ताट आपटून.

मग ते वाढतच गेलं. हौसेला मोल नसतं. कॅम्पाच्या बाजारात साहेब लोकांचे जुने कपडे विकायला येत, तिथं तो शनिवारी चक्कर मारायचा. निपाणीच्या बाजाराला लुगडी घेऊन गेला की परत येताना जुन्या कपड्यांचे ढीग उपसत बसायचा. हळूहळू त्याची नजर अशी बसली की लांबून बटण चमकलं तरी सांगावं. पितळी बटणावर नांगर आहे आणि नांगराच्या डोक्यावर मुकुट आहे, तर ते सरकारी आरमाराचं. मुकुट नसला तर कुठल्यातरी कंपनीच्या बोटीवरचं. विजार पायाशी घेरदार आणि तिच्या घड्या आडव्या, तर ती खलाशाची, कारण बोटीवर म्हणे कपडे गुंडाळून छोट्या जागेत कोंबायचे असतात. पाठीवर पडणाऱ्या चौकोनी कॉलरला कडेनं पांढऱ्या पट्ट्या असतात, त्या वरून चिकटवल्यागत शिवलेल्या असल्या तर ते सोंग, नाटक कंपनीनं मोडीत काढलेलं. नाटकवाल्यांच्या टोपीवरची अक्षरं थुंकी लावून चोळली की बोटाला येतात. खरं आणि खोटं तो कधी एकत्र ठेवत नसे. खरं पेटीत जाई, खोटं बोहारणीला. त्या बाबतीत मात्र हा भित्रा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

पेटी कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवलेली असायची. सणावारी खाली काढून तो एकेक सदरा झटकून उन्हात धरायचा, पण दार लावून. सरकारचा कपडा घरात सापडला तर सरकार धरून नेतं, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. बेचाळीस साली निपाणीकडं तारा तुटल्या, टपाल जळालं, तेव्हा त्यानं ती पेटी गोठ्यात वैरणीखाली दडवली आणि दोन महिने म्हशीच्या शेजारी झोपला. ‘‘एवढं भ्या वाटतंय तर टाका की फेकून!’’ बायाक्का म्हणायची. तो म्हणायचा, ‘‘आपण शापूरकर. आपली हद्द सांगलीच्या संस्थानाची. इंग्रजाचा शिपाई हिकडं कशाला येतोय?’’ स्वतःची समजूत घालायला त्याला ती हद्द फार उपयोगी पडायची.

त्याची एकुलती लेक अंबूबाई. तिला बोरगावच्या विणकराच्या घरात दिली होती. जावई शामू, अंगानं उंचापुरा, बोलायला मोकळा. पहिल्या दिवाळसणाला जावई आला तेव्हा तम्मण्णाला अवसान चढलं. पेटी खाली आली, दार लागलं, आणि सासऱ्यानं जावयाला एकेक चीज दाखवली. शामूनं टोपी डोक्यावर ठेवली, आरशात बघितलं, जरा तिरकी केली. झालं! टोपी पेटीत परत गेली, पण जावयाच्या डोक्यातून काही ती उतरली नाही. त्यात दुसरं युद्ध पेटलेलं, सुताचं रेशन झालेलं, बोरगावचे माग धूळ खात पडलेले. शामू एक दिवस कोल्हापुरात भरतीला गेला आणि आरमारात नाव घालूनच आला.

‘‘तुमच्या त्या पेटीनं माझ्या लेकीचा संसार गिळला,’’ बायाक्का म्हणाली. तम्मण्णा मुंबईच्या दिशेनं हात जोडायचा आणि मागावर बसायचा. लढाई संपली, शामू जिवंत राहिला, तेव्हा त्यानं वडगावच्या मंगाईला नारळ फोडला. आता तरी भ्यायला काही उरलं नाही असं त्याला वाटलं. त्याच्या आयुष्यातला तेवढाच काय तो निवांत काळ.

मग सेहेचाळीसचा फेब्रुवारी उजाडला. मुंबईला खलाशांनी संप केला, बोटींवरचे बावटे उतरवले, गोऱ्यांच्या पलटणीनं गोळ्या झाडल्या, असं काहीबाही कॅम्पातून कानावर यायला लागलं. आणि त्या गडबडीनंतर आठवडाभरात, दुपारी जेवणं होऊन गल्ली जरा कलंडलेली असताना, शामू मागच्या दारानं घरात आला. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा, काखेत गाठोडं. अंबूबाई बोरगावाहून आदल्याच दिवशी माहेरी आली होती. तो पळून आलाय हे तिला ठाऊक होतं, आईबापाला सांगायचा धीर तिला झाला नव्हता.

‘‘मामा, आमच्यातली लई माणसं धरली,’’ शामू पाणी पीत म्हणाला. ‘‘बराकीच्या भिंतीवरनं उडी मारून आलोय. बोरगावात पोलीस येऊन गेलं. मी हितं जवळच अनगोळात, माझ्या गुणामावशीच्या गवताच्या खोपीत ऱ्हातो. जरा थंड झालं की पुढं जातो. तेवढं एक काम करा. हे जाळून टाका.’’

गाठोड्यात त्याचा निळा सदरा होता आणि टोपी. विजार त्यानं दूधगंगेत सोडली होती. हेही सोडायचं, पण काठावर माणसं आली. सदऱ्याच्या आतल्या कडेला पांढऱ्या रंगात त्याच्या नावाचा आणि नंबराचा शिक्का होता, टोपीच्या आतही तोच. आरमारात प्रत्येकाच्या कपड्याला असा शिक्का मारतात म्हणे, कुणाचं कुणी घालू नये म्हणून.

‘‘हे सापडलं की मी सापडलो,’’ शामू म्हणाला. ‘‘जाळतासा न्हवं?’’

‘‘जाळतो की,’’ तम्मण्णा म्हणाला. ‘‘तू जा. मी जाळतो.’’

अंबूबाई दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. पायलीभर धीर आल्यासारखी ती नवऱ्याला भाकरी बांधून द्यायला आत गेली.

आणि बघा माणसाचं कसं असतं. तम्मण्णा न्हाणीच्या चुलीपर्यंत गेला. काडीपेटी हातात घेतली. गाठोडं सोडलं. आणि तिथंच त्याचं सगळं बिघडलं. असला ऐवज आजवर त्याच्या हाताला लागला नव्हता. त्याच्या पेटीतलं सगळं विटलेलं, कसर लागलेलं, दहा हातांतून आलेलं. हा सदरा नवा, लोकर कशी दाट विणलेली, पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या, टोपीची फीत तर अशी की सोनेरी तारेचं टोक कुठं मागं सोडलंय ते शोधून सापडेना. विणकरानं विणलेलं कापड चुलीत घालायचं नसतं, ते जळायचं तर माणसाबरोबर सरणावरच, असं त्याचे वडील सांगायचे. तेवढं निमित्त त्याला पुरलं. खरं कारण हौस, दुसरं काय! जळो ती हौस, पण तीच जळेना. ‘उद्या जाळू,’ तो स्वतःशी म्हणाला, आणि गाठोडं माळ्यावरच्या पेटीत तळाशी गेलं. अंबूबाईनं संध्याकाळी विचारलं, ‘‘आप्पा, जाळलासा?’’ तो म्हणाला, ‘‘व्हय गं.’’

उद्या आला आणि गेला. तम्मण्णाला आता झोप लागेना, अन्न गोड लागेना. दारावरून कुणी बूट वाजवत गेलं की तो उठून कडी बघून यायचा. कॅम्पाकडून बिगुल वाजला की हातातला आडव्या सुताचा धोटा सुटायचा. दर सकाळी तो ठरवायचा की आज काडी लावायची, आणि दर सकाळी माळ्यावर चढून ती फीत एकदा बघून खाली उतरायचा. खाई त्याला खवखवे. बायाक्काला वाटलं याला हिवताप भरलाय, तिनं काढा करून पाजला. तोही तो मुकाट्यानं प्यायला.

आणि मग ती सकाळ आली. बायाक्का पाण्याला गेलेली ती रिकामी घागर घेऊन धापा टाकत परत आली. ‘‘अवं, चावडीवर फौजदार आलाय. संगं शिपाई हायत. आपलं घर इचारतोय!’’

संस्थानची हद्द कुठल्या कुठं गेली. पाचावर धारण बसली म्हणजे काय ते त्या दिवशी तम्मण्णाला कळलं. आता जाळायची सोय नव्हती, लोकर जळली की केस जळल्यागत घाण सुटते, अख्ख्या गल्लीला कळलं असतं. परड्यात टाकावं तर पलीकडून रस्ता. त्यानं पेटी माळ्यावरून ओढली, उघडली, आणि सगळं कवेत घेऊन मागाच्या खड्ड्यात कोंबलं. आमच्याकडचे माग खड्ड्याचे. विणणारा जमिनीला टेकून बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, आणि तिथल्या लाकडी पावड्या आळीपाळीनं दाबत राहतो. त्या पावड्यांच्या खाली तीस वर्षांचं आरमार गेलं आणि त्यातच जावयाचा सदरा. रिकामी पेटी माळ्यावर गेली. तम्मण्णा वर बसला आणि विणायला लागला. विणकराच्या दारात फौजदार येतो आणि विणकर विणतोय, यात संशय घेण्यासारखं काय आहे?

अंबूबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. बापाला सदरे कोंबताना तिनं बघितलं होतं. त्यातला शेवटचा निळा सदरा तिनं ओळखला होता. तिच्या चेहऱ्याकडं बघण्यापेक्षा दाराकडं बघणं तम्मण्णाला सोपं वाटलं.

फौजदार आत आला. जाड मिशांचा, दमलेला माणूस, बोरगावापासून हिंडून वैतागलेला. मागं दोन शिपाई.

‘‘शामू तुझा जावई?’’

‘‘व्हय साहेब.’’ हात चालूच.

‘‘कुठं आहे?’’

‘‘ममईला, साहेब. आरमारात.’’

‘‘इकडं आला नाही?’’

‘‘न्हाय जी.’’

शिपाई घर धुंडाळायला लागले. कणगीत हात घातले, वळकटी सोडली, माळ्यावर चढून रिकामी पेटी बघितली. फौजदार खाटेवर बसून तम्मण्णाच्या हातांकडं बघत राहिला. धोटा इकडून तिकडं जात होता. तम्मण्णाच्या टाळूपासून घाम निथळत होता, पण विणताना कुणालाही घाम येतोच. आता उठतील, आता जातील, असं त्याला वाटायला लागलं. शिपाई हात झटकत परत आले सुद्धा.

पण घात दुसरीकडून झाला. खड्ड्यात ते बोचकं असल्यामुळं पावडी पुरती खाली जात नव्हती. माग लंगडत होता. खट् आणि खटाक्, पुढचा ठोका गायब. फौजदाराला त्यातलं काही कळत नव्हतं. पण गल्लीला कळत होतं! विणकर गल्लीत ज्याचा त्याचा माग आवाजावरून ओळखतात, आणि कुणाचा ठेका चुकला की शेजाऱ्यानं हातातलं काम टाकून धावायचं, ही तिथली रीत. मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा तुटला तर माणसाला एकट्याला सावरत नाही, आणि वाजणारा माग ज्याला ऐकू येतो त्यानं बोलावण्याची वाट बघायची नसते.

शेजारचा भावकू धावत आला. भला माणूस, पण उतावळा. दारातल्या शिपायांना बाजूला सारून तो थेट मागाशी आला.

‘‘अण्णा, पावडी अडकलीया की तुझी! कवाधरनं ऐकतोय. सर, बघू मी.’’

‘‘ऱ्हाऊ दे रं,’’ तम्मण्णा म्हणाला. ‘‘ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे.’’

‘‘ऱ्हाऊ दे काय? ताणा तुटंल!’’ भावकू खाली वाकला, खड्ड्यात हात घातला आणि जे हाताला लागलं ते ओढलं. हातात आली एक आरमारी विजार, पाठोपाठ टोपी. भावकूनं टोपीकडं बघितलं, फौजदाराकडं बघितलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. पण आता कळून काय उपयोग?

फौजदार उठला. शिपायांनी तम्मण्णाला दंडाला धरून बाजूला केलं आणि खड्डा उपसला. घराच्या मधोमध ढीग झाला. निळं, पांढरं, करडं. बायाक्कानं तोंडाला पदर लावला.

‘‘जावयाचं यातलं कुठलं?’’ फौजदारानं विचारलं.

‘‘जावयाचं कायबी न्हाय साहेब. हे माझं. हौसेचं. तीस वर्सं झाली जमवतोय. समदी गल्ली सांगंल.’’

‘‘व्हय साहेब,’’ भावकू म्हणाला. ‘‘याला खूळ हाय तसलं. खरं कुठलं, नाटकातलं कुठलं, ते वळखतोय बघा.’’

बिचारा मदतच करायला गेला. फौजदाराचे डोळे बारीक झाले. ‘‘ओळखतोस? मग वेगळं कर. खरं सरकारी इकडं, खोटं तिकडं. खोटं बोललास तर तुझ्या लेकीला चावडीवर नेऊन विचारीन.’’

तम्मण्णा ढिगाशी बसला. त्यानं पहिला सदरा उचलला, जुना, बाहीला कसर लागलेला. ‘‘खरं,’’ तो म्हणाला. विजार उचलली. ‘‘खरं.’’ गाडीवानाची टोपी उचलली. ‘‘खरं.’’ एकेक चीज फौजदाराच्या पायाशी जात होती, आणि प्रत्येक चिजेबरोबर शामूचा सदरा जवळ येत होता. तो सदरा उचलला तेव्हा शिक्का असलेली कड त्यानं अंगठ्याखाली घेतली आणि शामूची टोपी मुठीवर पालथी धरली. शिक्का उघडा पडला असता तर संपलंच होतं.

‘‘हे खोटं,’’ तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खऱ्याला खोटं म्हटलं.

‘‘हे सगळ्यांत नवं दिसतंय,’’ फौजदार म्हणाला.

‘‘म्हणूनच खोटं, साहेब. खऱ्या कपड्याला दर्या लागल्याला असतोय. मिठानं रंग विटतोय, सूत फुगतंय. हे बघा की, याला दर्या लागलाच न्हाय. नाटकवाल्यांनी दोन खेळाला वापरलं आन इकून टाकलं.’’

‘‘दर्याचं मीठ तीस वर्षं राहतं?’’

‘‘ऱ्हातंय जी.’’

‘‘चाट.’’

‘‘जी?’’

‘‘तो जुना सदरा चाट. खारट लागतो का सांग.’’

एक शिपाई हसला. तम्मण्णानं वाकून जुना सदरा जिभेला लावला. कडुनिंबाची कडू जहर चव आली. पण कपाळावरून घाम गळून ओठांवर आला होता, तोच त्याच्या कामाला आला.

‘‘खारट हाय, साहेब,’’ तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

फौजदार त्याच्याकडं बघत राहिला. तम्मण्णाचा अंगठा बधिर झाला होता. आता हा हात पुढं करील, म्हणेल दे इकडं, अंगठा उचल. मग अनगोळची खोप, मग शामूच्या हातात बेड्या, मग अंबूबाईचं पांढरं कपाळ, इथवर सगळं त्याच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं.

‘‘मी बी संगं हुतो साहेब,’’ भावकू मधेच म्हणाला. ‘‘ते नाटकवाल्याकडनं आणलं तवा. मी म्हणलतो, हे कशाला घेतोस, सोंग हाय म्हणून.’’

फौजदाराला दर्या माहीत नव्हता, नाटकं बघायची आवडही नसावी. बोरगावापासूनच्या धुळीनं तो कंटाळला होता. ‘‘सोंग घेऊन मी काय चावडीवर खेळ करू?’’ तो म्हणाला. ‘‘ठेव ते. बाकीचा सरकारी माल पेटीत भर. आणि पेटी तूच उचल.’’

तम्मण्णानं सदरा आणि टोपी मागं, स्वयंपाकघराच्या दाराकडं सरकवली. मग आपल्याच हातानं तीस वर्षं पेटीत भरली, पेटी डोक्यावर घेतली आणि शिपायांच्या मधून गल्लीतून चालू लागला. सगळे माग थांबले होते. बायका दारात उभ्या होत्या. कुणी हसलं नाही. चावडीवर त्याला दिवसभर बसवून ठेवलं, दोन थपडा दिल्या, जावई आला की कळवीन म्हणून अंगठा घेतला, आणि दिवे लागायच्या वेळेला हाकलून दिलं. पेटी राहिली तिकडंच.

आणि घराकडं येताना, काय सांगावं, तम्मण्णाला बरं वाटत होतं. गाल सुजला होता, पेटी गेली होती, पण जावई वाचला होता. आपण फौजदारापुढं बसून थाप मारली आणि ती पचली! भित्रा म्हणतात ना सगळे? आता म्हणा. अंबू काय म्हणेल, पाया पडेल, रडेल, असं मनाशी रंगवत तो गल्लीत शिरला. लोकर जळल्याची घाण पार कोपऱ्यापर्यंत आली होती. गल्लीत एकानंही नाकाला हात लावला नव्हता, की चौकशी केली नव्हती.

न्हाणीत राख होती. अंबूबाई नेसत्या लुगड्यावर दुसरं लुगडं गुंडाळून, गाठोडं घेऊन मागच्या दाराशी तयार होती. दाराबाहेर अंधारात कुणीतरी उभं होतं. उंची शामूची होती.

‘‘पोरी, वाचलो बघ,’’ तम्मण्णा म्हणाला. ‘‘मी असं सांगितलं त्याला…’’

‘‘व्हय आप्पा,’’ ती म्हणाली. तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. ‘‘तुमी वाचवलासा. आन तुमीच मारलं असतासा. जाळलं म्हणालतासा मला.’’

‘‘कुठं निघालायसा?’’ तम्मण्णानं विचारलं. ‘‘खानापूरकडनं? गोव्यात? तेवढं तर सांग, पोरी. जिवाला घोर लागंल.’’

अंबूबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं. ती रागावलेली असती तर त्याला सोसलं असतं. ती रागावलेली नव्हती. लहान पोराच्या हातातून विळी काढून घ्यावी, तशी बोलली.

‘‘तुमास्नी न्हाय सांगणार, आप्पा. तुमच्या हातनं कायबी टाकवत न्हाय.’’

दार लागलं. बाहेर पावलांचा आवाज थोडा वेळ आला आणि अनगोळच्या वाटेला की दुसऱ्या कुठल्या वाटेला गेला, ते त्याला कळलं नाही. भावकूच्या घरातला माग चालू झाला होता. बायाक्का चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

‘‘तुला सांगून गेली?’’ तम्मण्णानं विचारलं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. मान वर केली नाही. ‘‘मला काय ठावं,’’ ती म्हणाली.

तिला ठाऊक होतं. त्यानं ओळखलं. पुढं सेहेचाळीस गेलं, सत्तेचाळीस आलं, शहापुरात झेंडे लागले, खलाशांचं आता कुणी काही विचारत नाही असं कॅम्पातून येणारे लोक सांगायला लागले, बायाक्का मधूनच कुणाकडून तरी निरोप आल्यासारखी एखाद्या दिवशी हसऱ्या तोंडानं वावरायची. तम्मण्णा ते बघायचा आणि मान खाली घालून विणायचा. पुन्हा विचारायचं धाडस त्याला झालं नाही. तिनं पत्ता सांगून टाकला तर तो आपल्या हातात राहील, आणि त्या सदऱ्यागत आपल्याला टाकवणार नाही, याचीच त्याला भीती वाटायची.